तुकड्यासोबत न आलेला कागद

नालासोपारा पूर्वेकडून पेल्हारला जाणारा रस्ता, आणि तिथून वसईच्या सातिवली, वालीव, गोखिवऱ्यापर्यंत पसरलेले औद्योगिक गाळे, या पट्ट्यात आर्गन वेल्डिंगचं टेबल पाचपन्नास पावलांवर सापडतं. काम बहुतेक जॉबवर्कचं असतं. तुकडा एकाचा, वेल्डिंग दुसऱ्याकडे, मशीनिंग तिसऱ्याकडे आणि तपासणी चौथ्याच्या दारात. स्टेनलेसवर हात बसलेला वेल्डर इथे सहज मिळतो आणि त्याचं काम खरोखर देखणं असतं. पण अधूनमधून टेबलावर निकेलच्या मिश्रधातूचं ओतीव कास्टिंग येतं. रंगाने ते स्टेनलेससारखंच दिसतं, वजनाने थोडं भारी लागतं, चुंबक त्याला चिकटत नाही. त्यावर टाका घालावा, तर कधी टाका गार होता होता, कधी ग्राइंडर फिरवल्यावर, तर कधी भट्टीतून बाहेर काढल्यावर केसासारखी चीर दिसते. पुढचं सगळीकडे सारखंच घडतं. अँपिअर जास्त ठेवला, हात हलला, रॉड चुकला, असं म्हणून बोट वेल्डरकडे जातं आणि रिजेक्ट नगाचा भुर्दंड त्याच्या मजुरीतून वळता होतो. या कामाच्या दीर्घ सहवासातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ओतीव निकेल सुपरअलॉयमधली बहुतेक चीर वेल्डरच्या हातून निर्माण होत नाही. ती कास्टिंग गोठलं त्या घडीत, त्याच्या रसायनात आणि त्यानंतर त्याने सोसलेल्या उष्णतेत तयार होऊन बसलेली असते. म्हणून वेल्डरच्या हाताची चौकशी करण्याआधी तुकड्याची चौकशी करायला हवी.

सुपरअलॉय हा शब्द भारदस्त आहे, मागची गोष्ट मात्र सरळ आहे. निकेलमध्ये क्रोमियम, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, टंगस्टन घातलं की तो उष्णतेला आणि गंजाला टिकतो. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम घातलं की त्याच्या पोटात निकेल आणि ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण धरतात. त्यांना गॅमा प्राइम म्हणतात. साधं पोलाद लालबुंद होऊन मऊ पडतं त्या तापमानाला हे कण धातूला ताठ ठेवतात. १९४१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हिटलच्या जेट इंजिनासाठी निमोनिक ८० आला, तो घडवून आकार देता येणारा होता. पुढे आणखी उष्णता सोसायची म्हणून ॲल्युमिनियम-टायटॅनियमचं प्रमाण वाढवत नेलं, तसतसा हा धातू घणाखाली फुटू लागला. मग मेणाचा नमुना करून, त्यावर सिरॅमिकचं कवच चढवून, निर्वातात रस ओतायचा मार्ग धरावा लागला. म्हणजे ओतीव सुपरअलॉयचा जन्मच मुळी घडवता येत नाही या अडचणीतून झाला आहे. घणाचा मार सोसत नाही म्हणून ज्याला ओतलं, त्याने वेल्डिंगमधली ओढाताण मात्र निमूटपणे सोसावी, अशी अपेक्षा आपण ठेवतो, आणि ती पुरी झाली नाही की माणसाला धरतो. उरणच्या ६७२ मेगावॅटच्या वायू विद्युत केंद्रासारख्या ठिकाणी हे धातू टर्बाइनच्या तप्त भागात राबतात. पण त्यांना पाहायला उरणपर्यंत जायला नको. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून पेल्हारजवळून रात्रंदिवस जे डिझेल ट्रक जातात, त्यांच्या टर्बोचार्जरमधलं एक्झॉस्टच्या बाजूचं चाक बहुधा इन्कोनेल ७१३ सी या ओतीव मिश्रधातूचं असतं. त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम असतं, आणि वेल्डिंगच्या दृष्टीने तो अत्यंत अवघड धातूंपैकी आहे.

धातू गोठताना काय होतं, हे समजायला नायगाव आणि भाईंदरच्या मधली मिठागरं पुरेशी आहेत. नालासोपाऱ्याहून लोकलने जाणाऱ्याला ती खिडकीतून दिसतात. वाफ्यातलं खारं पाणी आटत जातं तेव्हा साधं मीठ खड्याने धरतं आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार उरलेल्या पाण्यात साचत जातात. खडे जितके जास्त, तितकं मधलं पाणी अधिक कडू. सुपरअलॉयचा रस गोठतो तोही असाच. आधी झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक वाढतात, त्यांत त्या मानाने शुद्ध धातू असतो. नायोबियम, टायटॅनियम, कार्बन, बोरॉन, झिर्कोनियम, गंधक, फॉस्फरस यांना त्या फांद्यांत पुरेशी जागा मिळत नाही, म्हणून ते फांद्यांमधल्या उरलेल्या रसात ढकलले जातात. शुद्ध निकेल १४५५ अंश सेल्सिअसला एकदमच गोठतं. टर्बाइनच्या पात्यांना वापरला जाणारा इन्कोनेल ७३८ मात्र साधारण १३४० अंशांना गोठू लागतो आणि १२३० च्या आसपास येईपर्यंत त्यात कुठे ना कुठे द्रव उरलेला असतो. फांद्यांमधला शेवटचा थेंब तर त्याहीखाली द्रवच राहतो. गंधकाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. निकेल आणि त्याचा सल्फाइड यांचं मिश्रण ६४० अंशांच्या जवळपास येईपर्यंत गोठतच नाही. सोपाऱ्याच्या मातीला ओतीव धातू नवा नाही. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला तेव्हा करंडकासोबत कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती मिळाल्या होत्या. तांबं आणि कथील यांचं कांस्यसुद्धा शंभरावर अंशांच्या टप्प्यात हळूहळू गोठतं, त्यामुळे ओतताना फाटण्याची भीती त्या ओतकाऱ्यांनाही असणारच. फरक इतकाच की त्या मूर्तीला नंतर कुणी पुन्हा वितळवून टाका घालणार नव्हतं.

आता या गोठण्यावर ताण पडला की चीर येते. गोठलेला धातू आकुंचन पावतो, बाजूचा थंड धातू त्याला धरून ठेवतो, आणि ही ओढ नेमकी त्या क्षणी लागते जेव्हा स्फटिकांच्या मधे कागदाहून पातळ द्रवाचा पापुद्रा शिल्लक असतो. द्रवाला बळ नसतं. पापुद्रा फाटतो, आणि फट भरायला आणखी रस पोचला नाही तर ती तशीच गोठते. टाक्याच्या मध्यावर किंवा टाका संपवताना उरलेल्या खळग्यात, म्हणजे क्रेटरमध्ये, दिसणारी चीर ही. तिला गोठणीची चीर म्हणू. हिच्याबाबतीत वेल्डरच्या हाताला थोडी सत्ता आहे हे मान्य करायला हवं, आणि त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण ओतीव सुपरअलॉयमध्ये अधिक छळते ती दुसरी चीर. ती टाक्यात नसते, टाक्याच्या शेजारी मूळ धातूत असते, जिथे रॉड पोचलेलाच नाही. कास्टिंगमध्ये धातूच्या स्फटिकांच्या, म्हणजे कणांच्या, सीमेवर नायोबियम-टायटॅनियमची कार्बाइडं असतात. भट्टीत सावकाश तापवलं तर ती हळूहळू विरघळतात. वेल्डिंगमध्ये काही सेकंदांत तापमान हजाराच्या पुढे जातं, विरघळायला वेळच मिळत नाही. मग कार्बाइड आणि भोवतालचं निकेल यांच्या सीमेवर, सबंध धातू वितळण्याच्या कितीतरी आधी, द्रवाचा पातळ थर तयार होतो. १९६७ मध्ये पेपे आणि सॅव्हेज यांनी मॅरेजिंग पोलादावरच्या कामात हे नीट उलगडून दाखवलं. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठात ओजो, रिचर्ड्स आणि चतुर्वेदी यांनी २००४ मध्ये इन्कोनेल ७३८ बाबत त्याहून धक्कादायक गोष्ट दाखवली. ज्या गॅमा प्राइमच्या बळावर हा धातू उभा असतो, तो गॅमा प्राइमसुद्धा झपाट्याने तापवला की असाच द्रव होतो. म्हणजे धातूला ताकद देणारी गोष्टच वेल्डिंगच्या वेळी त्याची फाटण्याची जागा ठरते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. उष्णता तर वेल्डरच देतो. त्याने ती कमी दिली तर द्रव तयारच होणार नाही, मग दोष त्याचा कसा नाही? पण टाका लागायचा तर टाक्याच्या काठाला मूळ धातू वितळावाच लागतो. अँपिअर कितीही कमी ठेवा, त्या काठाचं तापमान वितळबिंदूलाच टेकतं. तिथून एक मिलिमीटर आत ते थोडं कमी, दोन मिलिमीटरवर आणखी कमी. म्हणजे अर्धवट वितळणारा एक पट्टा प्रत्येक टाक्याच्या कडेला असतोच, आणि अँपिअर कमी केल्याने तो अरुंद होतो, नाहीसा होत नाही. अरुंद झाल्याचा फायदा आहे, ओढ कमी होते, म्हणून कमी उष्णता हा सल्ला योग्यच आहे. मात्र त्या पट्ट्यात किती कार्बाइडं आहेत, कण मोठे आहेत की लहान, सीमेवर बोरॉन किती साचला आहे, हे सगळं वेल्डरने टॉर्च पेटवण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. जाड कण असलेल्या कास्टिंगमध्ये सीमा कमी असतात, त्यामुळे सगळी ओढ मोजक्या सीमांवर येते आणि त्या लवकर उघडतात. कास्टिंगचे कण जाड आहेत की बारीक, हे कुठलाही वेल्डर काचेआडून ओळखू शकत नाही.

हाताचा आणि धातूचा वाटा वेगळा करायचा तर हात बाजूला काढून पाहिलं पाहिजे, आणि ते फार पूर्वीच झालं आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या रेन्सलेअर पॉलिटेक्निकमध्ये सॅव्हेज आणि लुंडिन यांनी व्हेरेस्ट्रेंट नावाची चाचणी मांडली. पट्टीवर यंत्राने टाका चालू ठेवायचा, आणि चालू टाक्यातच पट्टी ठरावीक वाकणीच्या ठोकळ्यावर झटक्यात वाकवायची. ताण किती द्यायचा ते ठोकळ्याची वाकणी ठरवते, वेग आणि करंट यंत्र ठरवतं, फिलर रॉड वापरलेलाच नसतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली चिरांची लांबी मोजायची. या चाचणीत एकाच नावाच्या मिश्रधातूच्या दोन वेगवेगळ्या हीट, म्हणजे दोन वेगळ्या वितळणी, सारख्याच ताणाखाली वेगवेगळ्या प्रमाणात चिरतात. गंधक, फॉस्फरस, बोरॉन, झिर्कोनियम यांच्यातला शतांश टक्क्यांतला फरक पुरतो. दोन्ही हीट खरेदीच्या कागदावर एकाच नावाच्या असतात आणि दोन्ही रासायनिक मर्यादांत बसतात. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा लागत नाही. इथे दोष द्यायला माणूसच हजर नसतो, तरीही चीर येते आणि तुकड्यानुसार कमीजास्त होते. बॉयलर आणि प्रेशर व्हेसलसाठी जगभर वापरली जाणारी अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनीअर्सची संहिताही हा भेद पाळते. तिच्या नवव्या विभागात पद्धतीची परीक्षा वेगळी आणि वेल्डरची परीक्षा वेगळी. मूळ धातूपुरतं पाहिलं तर साध्या कार्बन पोलादाच्या तुकड्यावर उत्तीर्ण झालेला वेल्डर निकेल मिश्रधातूंनाही पात्र धरला जातो, फिलरच्या गटाची अट तेवढी निराळी. याचा अर्थ स्पष्ट आहे. आपल्याला निर्दोष टाका घालता येतो इतकं वेल्डरने सिद्ध करायचं, आणि तो धातू तो टाका सोसतो की नाही हे पद्धत लिहिणाऱ्याने सिद्ध करायचं. आपल्या गाळ्यांत ही दुसरी परीक्षा बहुतेक वेळा कुणी देतच नाही, आणि तिचा निकाल मात्र पहिल्या परीक्षेच्या नावावर चढतो.

यावर अनुभवी माणसं म्हणतात, की अमुक कारागीर इन्कोनेल ७३८ चीर न येऊ देता जोडून देतो, मग हाताचा गुण नाही कसा? या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते दाखवतं त्याहून वेगळं काही सांगतं. असे टाके बहुतेक इन्कोनेल ६२५ च्या फिलरने घातलेले असतात. त्या फिलरमध्ये गॅमा प्राइम जवळजवळ नसतो, तो मऊ असतो, ताणतो, आणि गोठताना येणारी ओढ स्वतःच्या अंगावर घेतो. टाका स्वच्छ दिसतो. डाय पेनेट्रंट मारलं तरी लाल रेघ उमटत नाही. पण पेनेट्रंट पृष्ठभागावर उघडी असलेली चीरच दाखवतं. टाक्याखाली, मूळ धातूच्या कडेला, काही दशांश मिलिमीटर लांबीच्या बंद चिरा त्याला दिसत नाहीत. त्या पाहायला तुकडा कापून, घासून, आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो, आणि जो नग ग्राहकाला द्यायचा आहे तो कुणी कापत नाही. कारागिराने वापरलेली युक्ती चांगलीच आहे, फक्त त्या युक्तीने चीर टळली की झाकली गेली हे डोळ्याला कळत नाही. शिवाय ६२५ चा टाका उष्णतेत मूळ धातूइतका ताठ राहत नाही. पात्याच्या टोकाला, जिथे ताण कमी असतो, तिथे तो चालतो. पात्याच्या मुळाशी तो घातला तर जोड देखणी आणि धोक्याची होते.

दुसरा आक्षेप पुस्तकं वाचलेल्या मंडळींचा. ते म्हणतात, एवढा ऊहापोह कशाला, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमचा तक्ता आहे ना! एका अक्षावर ॲल्युमिनियम, दुसऱ्यावर टायटॅनियम, मधे एक तिरकी रेघ. रेघेच्या खाली असलेला मिश्रधातू वेल्ड होतो, वरचा होत नाही. ७३८ मध्ये दोन्ही साधारण ३.४ टक्के, म्हणजे रेघेच्या बराच वर. ७१३ सी वर. मार-एम २४७ वर. इथवर तक्ता बरोबर आहे. पण तो तक्ता मुख्यतः एका वेगळ्याच आजाराचा आहे. वेल्डिंगनंतर तुकडा भट्टीत घातला की ७०० ते ९०० अंशांच्या टप्प्यात गॅमा प्राइम पुन्हा धरू लागतो, कणांचा गाभा कडक होतो, आणि वेल्डिंगचा उरलेला ताण सैल होण्यासाठी कणांच्या सीमांशिवाय जागा उरत नाही. त्या सीमा उघडतात. ही चीर घन धातूत येते, तिथे द्रवाचा संबंध नाही, म्हणून तिला द्रवामुळे येणाऱ्या, म्हणजे गरम, चिरांच्या घरात बसवू नये. गाळ्यांत मात्र दोन्हींना एकच नाव आहे, आणि इथे दोष कधी वेल्डरला तर कधी भट्टीवाल्याला लागतो. यावर उतारा म्हणूनच इंटरनॅशनल निकेलच्या आयझेलस्टीन यांनी इन्कोनेल ७१८ घडवला, त्याचं पेटंट १९६२ चं. त्यांनी ॲल्युमिनियम-टायटॅनियम कमी ठेवून सुमारे ५ टक्के नायोबियमवर भर दिला. नायोबियमचे बळ देणारे कण सावकाश धरतात, तोवर ताण निघून जातो, आणि भट्टीतली चीर टळते. तक्त्यात ७१८ आरामात रेघेखाली बसतो. पण हाच ७१८ ओतीव रूपात घ्या. गोठताना नायोबियम फांद्यांमधल्या रसात साचतो आणि तिथे लाव्हेस नावाची ठिसूळ अवस्था तयार होते. ती १२०० अंशांच्या आतच वितळते. घडीव ७१८ मध्ये लाटण्या-ठोकण्याने आणि दीर्घ तापवणीने ती मोडलेली असते. ओतीव तुकड्यात ती जागच्या जागी असते, आणि १०९५ अंशांच्या आसपासच्या नेहमीच्या प्रक्रियेने पुरती विरघळत नाही. टाक्याशेजारी तीच आधी द्रव होते. नाव तेच, रसायन तेच, तक्त्यातली जागा तीच, आणि चिरण्याची प्रवृत्ती निराळी. म्हणून वेल्ड होणं हा मिश्रधातूच्या नावाचा गुण मानता येत नाही. तो त्या विशिष्ट तुकड्याचा, त्या दिवशीच्या अवस्थेतला गुण आहे.

नव्या तुकड्याचं हे, तर वापरलेल्याचा विचार आणखी करावा लागतो. आणि दुरुस्तीला येतो तो बहुधा वापरलेलाच. हजारो तास तापात काढलेल्या पात्यात गॅमा प्राइमचे कण मोठे झालेले असतात, सीमांवर कार्बाइडांच्या ओळी लागलेल्या असतात, लवचीकपणा घटलेला असतो. समुद्राजवळच्या यंत्रांना वेगळा त्रास असतो. हवेतलं मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून पात्यावर सोडियम सल्फेट बसतं, ते उच्च तापमानाला वितळून धातू खातं आणि गंधक पृष्ठभागाच्या आत शिरतं. ७३८ मध्ये सुमारे १६ टक्के क्रोमियम ठेवलं आहे ते याच गंजाशी लढण्यासाठी. पण असा तुकडा वरवर तारेच्या ब्रशने चमकवून टेबलावर ठेवला आणि टॉर्च लावला, तर आत शिरलेलं गंधक टाक्यात येतं आणि मिठागरातल्या कडू पाण्यासारखं सगळ्यात शेवटी गोठणाऱ्या पापुद्र्यात साचतं. ग्रीस, कटिंग ऑइल, खूण करायचा खडू, इतकंच काय हाताचा घाम, यांतूनही गंधक आणि फॉस्फरस येऊ शकतं. हा तुकडा किती तास चालला, कुठल्या इंधनावर चालला, त्यावर कुठलं कोटिंग होतं, आधी कुणी त्यावर कुठल्या रॉडने टाका घातला होता, हे माहीत असलं तर किती खोल घासायचं ते ठरवता येतं. माहीत नसलं तर वेल्डर अंदाजाने घासतो, आणि अंदाज चुकला तर तो त्याच्याच नावावर जमा होतो.

मग आधुनिक यंत्रं आणा, लेसर आणा, इलेक्ट्रॉन बीम आणा, असं सुचवणारे भेटतात. ही यंत्रं उपयोगी आहेत यात शंका नाही. लेसरने पात्याच्या टोकावर भुकटीचे बारीक थर चढवण्याचं काम आज जगभर चालतं. पण इलेक्ट्रॉन बीमने जोडलेल्या ७१८ मध्येसुद्धा सूक्ष्म चिरा आढळतात, आणि त्या टाक्याचा आकार खिळ्याच्या डोक्यासारखा रुंदावतो तिथल्या मानेपाशी गर्दी करतात. काठाला धातू वितळतोच, हा मघाचा मुद्दा यंत्र बदलल्याने बदलत नाही. उलट दिशेचा उपाय म्हणजे सबंध तुकडा नऊशे-साडेनऊशे अंशांवर तापवून, निष्क्रिय वायूच्या पेटीत, तसा गरम असतानाच टाका घालायचा. असं केल्याने मूळ धातू नरम राहतो, तापमानातली तफावत घटते, आणि ७३८ सारख्या धातूलाही त्याच जातीचा फिलर वापरता येतो. मोठ्या दुरुस्ती केंद्रांत हे होतं. नालासोपाऱ्याच्या गाळ्यात अशी पेटी बसवणं परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळत नाही. पण परवडण्यासारख्या गोष्टीही आहेत. ७३८ ला वेल्डिंगआधी ११२० अंशांना दोन तास ठेवण्याची प्रक्रिया बाहेरच्या निर्वात भट्टीत करून आणता येते, तिचा खर्च एका वाया गेलेल्या पात्यापुढे काहीच नाही. ज्या लाखांच्या घरातल्या नगावर काम होतं, त्याचा एक भंगार जोडीदार मागून घेऊन, त्यावर नमुना टाका घालून, तो कापून पाहणं हेही परवडतं. त्यासाठी नग देणाऱ्याने भंगार तुकडा पाठवायला हवा आणि कापायला संमती द्यायला हवी. अडचण पैशाची कमी आणि विचारण्याच्या सवयीची जास्त आहे.

वेल्डरची जबाबदारी शून्य आहे असं मला म्हणायचं नाही, तसं म्हटलं तर त्याच्या कौशल्याचाच अपमान होईल. निकेलचा रस स्टेनलेससारखा धावत नाही, काकवीसारखा जागच्या जागी जड राहतो, आणि तो पसरावा म्हणून करंट वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. ७१८ सारख्या धातूतून उष्णता साध्या पोलादाच्या पाव हिश्शानेसुद्धा वाहून जात नाही, म्हणून एक टाका घालून थांबावं लागतं, तुकडा दीडशे अंशांच्या खाली येऊ द्यावा लागतो, मगच पुढचा. रुंद झोका न देता सरळ बारीक टाके, टाक्याचा माथा खोलगट न ठेवता किंचित फुगीर, आणि शेवटी टॉर्च झटकन न उचलता करंट हळूहळू उतरवून खळगा भरून घेणं, हे सगळं हाताचं काम आहे. स्टेनलेसवर वापरलेला ब्रश निकेलला न वापरता वेगळा ठेवणं, ॲसिटोनने पुसणं, आर्गनचं आच्छादन टाक्याच्या मागेही धरणं, हेही. आयटीआयचा वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, आणि त्यात भर पोलाद, स्टेनलेस, ॲल्युमिनियम यांवर असतो. निकेलच्या या सवयी तो कामावरच शिकतो. ज्याने हे सगळं केलं, त्याच्या टाक्यात गोठणीची चीर क्वचित दिसते. त्यानंतरही टाक्याशेजारी मूळ धातूत चीर आली, तर तिच्यासाठी त्याची मजुरी कापणं अन्यायाचं आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे निरर्थक आहे, कारण पुढच्या नगात ती पुन्हा येणारच.

काही कामांना नाही म्हणण्याचा हक्कही याच विचारातून येतो. टर्बोचार्जरचं ७१३ सी चं चाक कारखान्यात पोलादी दांड्याला घर्षणाने किंवा इलेक्ट्रॉन बीमने जोडलेलं असतं, पण ते जोडकाम ठरावीक आकारावर, ठरावीक हीटवर, हजारो नगांची तपासणी करून बसवलेलं असतं. तुटलेल्या पंखाला आर्गनने टाका घालून ते चाक मिनिटाला लाखभर फेऱ्यांवर पुन्हा फिरवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती कुणीही करू नये, हात कितीही तरबेज असला तरी. एकस्फटिकी पात्यांचंही तेच. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय प्रयोगशाळेने अशी पाती देशात ओतून दाखवली, आणि २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला ६० पाती दिली. सबंध पात्यात कणांची सीमाच नाही, हा त्यांचा प्राण. त्यावर बेजबाबदार टाका पडला तर नवे भरकटलेले कण उगवतात, आणि जी सीमा टाळण्यासाठी एवढी मेहनत घेतली तीच परत येते. आज आपल्या पट्ट्यात नगासोबत येणाऱ्या चलनावर बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: कास्टिंग, एक नग, वेल्डिंग करून देणे. त्याच चलनावर मिश्रधातूचं पूर्ण नाव, हीट नंबर, शेवटची हीट ट्रीटमेंट कुठली, किती तास वापरला, आणि आधी टाका घातला असल्यास कुठल्या फिलरने, या पाच गोष्टींना जागा आहे. त्या लिहायला पाठवणाऱ्याला पाच मिनिटं लागतात. त्या कोऱ्या असतील तर वेल्डरने टॉर्च पेटवण्याआधी चलन परत पाठवावं, आणि गाळ्याच्या मालकाने त्यात त्याची बाजू घ्यावी.